व्यसनमुक्ती : वैद्याचे काम पुडीपाशी संपत नाही

"वैद्यबुवा, ह्यांना कळू न देता जेवणातून देता येईल असं काही आहे का?"

हा प्रश्न ज्याने ऐकला नाही असा वैद्य महाराष्ट्रात विरळाच. विचारणारी बहुधा पत्नी असते, क्वचित आई. गर्दी ओसरेपर्यंत ती बाकावर थांबून राहते आणि शेवटचा रुग्ण बाहेर पडल्यावर दबल्या आवाजात विषय काढते. तिच्या प्रश्नामागे अनेक वर्षांचा छळ, लाज आणि थकवा असतो. तिला नाही म्हणणे जड जाते. म्हणूनच अनेक ठिकाणी तिच्या हाती एक पुडी पडते आणि व्यसनमुक्तीच्या कार्यातील आपला सहभाग तेथेच संपतो.

आमच्या मते ही पुडी शास्त्राला धरून नाही, रुग्णाच्या हिताची नाही आणि आपल्या व्यवसायाच्या प्रतिष्ठेचीही नाही. परंतु केवळ पुडीचा निषेध करून भागणार नाही. पुडी नाकारल्यावर त्या बाईला आपण काय देणार, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या संहितांत आणि आपल्या दवाखान्यांच्या रचनेत पुष्कळसे तयार आहे; ते एकत्र मांडावे, एवढाच या लेखाचा उद्देश.

गरज केवढी, सोय केवढी

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील व्यसन उपचार केंद्राने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटात मद्यसेवन करणाऱ्यांचे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी होते. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मद्याच्या दुष्परिणामांमुळे मदतीची गरज होती. मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाला तो १८० जणांमागे एकाला. तंबाखूचे चित्र याहून व्यापक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले आणि त्यांतील बहुतेकांची तंबाखू धुराविरहित, म्हणजे चघळण्याची किंवा मशेरीसारखी होती.

हे आकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. खाटा वाढवून हा प्रश्न सुटणारा नाही. बहुसंख्य रुग्णांवर घरी राहूनच, बाह्यरुग्ण पद्धतीने उपचार व्हावे लागतील. आणि जे दाखल होतील त्यांनाही अखेर त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच पानटपरीसमोर परत यावे लागेल.

आपल्या राज्यात या कामाची परंपरा मोठी आहे. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथील निवासी उपचार साधारण पाच आठवड्यांचा. परंतु संस्थेने आरंभापासून भर दिला तो त्यानंतरच्या पाठपुराव्यावर आणि कुटुंबीयांच्या आधारावर. पत्नींसाठी 'सहचरी' गट उभा राहिला तो याच जाणिवेतून. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, तरी दारू गेली नाही. तेथे डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने, राज्य शासन आणि टाटा ट्रस्टच्या सहभागातून २०१६ साली 'मुक्तिपथ' हा जिल्हाव्यापी उपक्रम उभा राहिला. गावसंघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी उपचार, अशी त्याची जोडरचना आहे. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सभा आज आपल्या अनेक शहरांत विनाशुल्क भरतात. या तिन्ही उदाहरणांत औषधाला स्थान आहे किंवा मुळीच नाही. पण रुग्णाची साथ सोडायची नाही, हे सूत्र तिन्हींत समान आहे.

संहिता काय सांगतात

आपल्या आचार्यांना हा विषय परका नव्हता. चरकाने चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाला दिला आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात पानात्ययप्रतिषेध आहे. मद्याचे दहा गुण हे ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत, ही चरकाची मांडणी आपण सर्वजण शिकलो. विधिपूर्वक घेतलेल्या मद्याचे गुणही त्याने लपवलेले नाहीत. मात्र याच अध्यायातील एका भागाकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. मद्य सोडून राहिलेला मनुष्य एकाएकी पुन्हा अतिप्रमाणात पिऊ लागला तर त्याला ध्वंसक आणि विक्षय हे विकार होतात, ते कष्टसाध्य असतात आणि त्यांची चिकित्सा वातप्रधान मदात्ययाप्रमाणे बस्ती, घृत, दूध व अभ्यंगाने करावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे व्यसन सुटल्यानंतर पाय घसरण्याचा काळ हा वेगळा, धोक्याचा आणि स्वतंत्र चिकित्सेचा काळ आहे, हे ग्रंथकाराने ओळखले होते. आजचे शास्त्रही हेच सांगते. विशेषतः अफूवर्गीय पदार्थांत काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्या मात्रेनेच मृत्यू ओढवू शकतो.

दुसरी गोष्ट सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रमाची. अंगवळणी पडलेले अहितकर सेवन एकदम न तोडता चतुर्थांशाने कमी करावे, त्या जागी हितकर आणावे आणि टप्प्यांमधील अंतर वाढवत न्यावे, हा तो क्रम. क्रमाने घालवलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, असे आश्वासनही तेथे आहे. तंबाखू आणि मशेरीच्या बाबतीत हा क्रम दवाखान्यात उत्तम वापरता येतो. दिवसाला आठ वेळा मशेरी लावणाऱ्या बाईला आधी सहा, मग चार अशी उतरंड लिहून द्यावी आणि मशेरीच्या ठरलेल्या वेळी बडीशेप, भाजलेला ओवा किंवा आवळकाठी हाती द्यावी. तिला हे जमते, असा आमचा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट चिकित्सेच्या चार पादांची : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. आपल्या मासिकांतील लेख पाहिले तर द्रव्यावर शंभर पाने आणि उपस्थात्यावर एकही नाही, असे दिसेल. व्यसनाच्या चिकित्सेत मात्र हाच पाद निर्णायक ठरतो. उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे उपस्थात्याचे गुण सांगितले आहेत. थकलेल्या पत्नीच्या किंवा चिडलेल्या भावाच्या ठायी ते आपोआप येत नाहीत. ते शिकवावे लागतात.

गुप्त औषधाला आमचा विरोध का

रोग्याच्या चार गुणांत ज्ञापकत्व आहे. आपल्याला काय होते ते वैद्याला सांगता येणे. ज्याला औषध चालू आहे हेच ठाऊक नाही, तो काय सांगणार? त्याच्या ठायी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व या गुणांना वावच राहत नाही. सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. भाजीत मिसळलेल्या चूर्णाने मनाचा निग्रह होत नाही.

यावर काही ज्येष्ठ वैद्य एक दाखला देतात. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत रोग्याला किळस येईल असे मांस दुसऱ्या नावाने द्यावे, असे चरकाने म्हटले आहे. मग येथे लपवाछपवी का नको? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु तेथे रोगी चिकित्सा घेण्यास राजी आहे, वैद्य त्याच्यासमोर आहे, लपवले आहे ते केवळ एका आहाराचे नाव. येथे चिकित्साच लपवलेली आहे. आणि ज्या दिवशी ते उघडकीस येते, त्या दिवसापासून तो मनुष्य पत्नीच्या हातचे जेवण संशयाने पाहू लागतो. असे घर आम्ही पाहिले आहे. बाईला मार बसला तो दारूमुळे नव्हे, पुडीमुळे.

शिवाय बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा पुड्यांवर घटकद्रव्ये धड छापलेली नसतात. त्यात वामक द्रव्य असेल तर वमन होते. मद्याशी प्रतिक्रिया करणारे एखादे आधुनिक रसायन न सांगता मिसळलेले असेल तर रक्तदाब कोसळू शकतो. पुडीमुळे किंवा अन्य कारणाने रोज पिणाऱ्याचे मद्य अचानक बंद पडले तर पहिल्या एक-दोन दिवसांत झटके आणि साधारण दोन ते चार दिवसांत भ्रम, कंप, घाम, तीव्र ज्वर यांसह प्रलापाची अवस्था येऊ शकते. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते. कोणत्याही एका कल्पाने मद्यावलंबन बरे होते, असे चांगल्या अभ्यासांनी आजवर सिद्ध झालेले नाही. मग 'सात दिवसांत दारू बंद' अशी पाटी लावण्याचा अधिकार आपल्याला कोठून येतो? औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहेच. पण कायद्याआधी ही बाब आपल्या विवेकाची आहे.

आमच्या हातून घडलेली चूक

दुसऱ्याच्या पुडीवर लिहिताना स्वतःच्या दवाखान्यातील एक प्रसंग लपवणे योग्य होणार नाही. काही वर्षांपूर्वी एक चाळिशीचे गृहस्थ झोप येत नाही म्हणून आमच्याकडे आले. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठ विचारला आणि अश्वगंधारिष्ट चार-चार चमचे समभाग पाण्यातून दोन वेळा लिहून दिले. ते एका व्यसनमुक्ती केंद्रातून महिन्यापूर्वी परतले होते आणि त्यांना डायसल्फिरामची गोळी चालू होती. हे त्यांनी सांगितले नाही, कारण आम्ही विचारले नाही.

त्या रात्री त्यांचा चेहरा लाल झाला, छातीत धडधड सुरू झाली, उलट्या झाल्या. गोळी चालू असताना दारू घेतली तर असे होते, हे घरच्यांना केंद्रात सांगितलेले होते. त्यांनी अर्थातच तोच निष्कर्ष काढला. धाकट्या भावाने सर्वांसमोर थोबाडीत मारली. "मी प्यायलो नाही," असे ते रात्रभर सांगत राहिले. चौथ्या दिवशी ते खरोखरच प्यायले.

आम्हांला हे कळले तेव्हा आठवडा उलटून गेला होता. आम्ही त्यांच्या घरी गेलो, अरिष्टाची बाटली पुढे ठेवली आणि दोष आमचा होता हे भावाच्या देखत सांगितले. आसवारिष्टांत संधानाने आपोआप उत्पन्न झालेले मद्य सामान्यतः ५ ते १० टक्के, कशात त्याहून अधिक असते. ही गोष्ट प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. ठाऊक असणे आणि औषधपत्र लिहिताना आठवणे यांत अंतर आहे, ते त्या गृहस्थांना भोगावे लागले. पुन्हा सावरायला त्यांना आठ महिने लागले. आजही ते महिन्यातून एकदा येतात, रक्तदाब मोजून घेतात, दहा मिनिटे बसतात आणि जातात. औषध बहुधा काहीच नसते.

त्या दिवसापासून आमच्या केसपेपरवर एक ओळ छापलेली आहे : मद्य, तंबाखू, इतर पदार्थ, सोडले असल्यास केव्हा, सध्या कोणती गोळी चालू. ज्याने मद्य सोडले आहे त्याला आम्ही आसव-अरिष्ट देत नाही. क्वाथ, चूर्ण, वटी किंवा घृत देतो. डायसल्फिराम बंद केल्यानंतरही सुमारे दोन आठवडे तिचा परिणाम राहू शकतो, तेवढा काळ तर हे पथ्य कडक पाळावे. गोळी नसली तरी मद्याचा वास आणि चव जुनी ओढ जागी करू शकते, हे ध्यानात ठेवावे. मदात्ययाच्या अधिकारात सांगितलेला श्रीखंडासव हाही अखेर आसवच आहे. त्या जागी खर्जूरादि मंथ आहे, तो द्यावा. रुग्णाला मधुमेह असेल तर मात्र त्याचाही विचार करावा.

औषधविक्रेत्यांना विनंती

फार्मसीचालक बांधवांचा वाटा येथे वैद्यांपेक्षा कमी नाही. तोच मनुष्य दर तिसऱ्या दिवशी द्राक्षासवाची मोठी बाटली नेत असेल तर ते गिऱ्हाईक ओळखणारे तुम्हीच असता. दारूबंदीच्या जिल्ह्यांत आणि मतदानाआधीच्या कोरड्या दिवसांत आसवांची मागणी का वाढते, हे कोणी कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अहिफेनयुक्त कल्पांचा प्रश्न याहून गंभीर आहे. कामिनीविद्रावण रसाच्या दीर्घ सेवनाने अफूसारखेच अवलंबन जडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या आहेत. अहिफेन, भांग, धत्तूर, वत्सनाभ आदी द्रव्ये औषधी नियमांच्या 'ई (१)' अनुसूचीत आहेत आणि ती असलेले कल्प वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावेत, असा इशारा वेष्टनावर असावा लागतो. परंतु गल्ल्यावर तो इशारा कोण वाचतो? असे कल्प औषधपत्राविना न देण्याचा निश्चय विक्रेत्यांनी स्वतःहून करावा. विजया असलेल्या गोळ्या चूर्ण-गोळ्यांच्या बरण्यांत मोकळ्या ठेवू नयेत. या गोष्टींनी गल्ला थोडा उतरेल, हे आम्हांला मान्य आहे. पण 'आयुर्वेदिक आहे, म्हणजे निर्धोक' हा लोकांचा विश्वास हीच आपली सर्वांची पुंजी आहे. ती एकाच्या दुकानात खर्ची पडली तर सर्वांची जाते.

दवाखान्यात काय करता येईल

आता मूळ प्रश्नाकडे. त्या बाईला काय सांगावे? "पुढच्या वेळी त्यांना कोणत्याही निमित्ताने घेऊन या. दारूचा विषय मी पहिल्या भेटीत काढणारही नाही." हे वाक्य आम्ही शेकडो वेळा उच्चारले आहे. पोटदुखी, निद्रानाश, अंगाचा दाह, हातापायांची आग, काहीतरी असतेच. मनुष्य त्या निमित्ताने येतो. त्याच्या अग्नीची, यकृताची, झोपेची चौकशी आस्थेने झाली की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत विषय तोच काढतो. आणि तो आला नाही, तरी ती बाई स्वतः रुग्ण आहे. तिचे ऐकून घ्यावे. मार बसत असेल तर तिच्या सुरक्षिततेचा विचार आधी करावा.

कोणावर घरी उपचार करावेत आणि कोणावर करू नयेत, याचा विवेक आवश्यक आहे. पूर्वी मद्य थांबवताना झटके आले असतील, प्रलाप झाला असेल, कावीळ, जलोदर किंवा रक्ताची उलटी असेल, आत्मघाताचे विचार असतील, घरी जबाबदार माणूस नसेल, तर तो रुग्ण आपला एकट्याचा नाही. त्याला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. इतरांच्या बाबतीतही पहिला आठवडा मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने पार पाडावा. मद्याच्या जागी योग्य औषध देऊन ते क्रमाने उतरवणे ही त्यांची पद्धत. तिच्यात पादांशिक क्रमाचेच तत्त्व आहे, हे पाहिले म्हणजे संकोच राहत नाही. थायामिन देण्याबाबतही त्यांच्याशी बोलावे.

त्या आठवड्यानंतरचे वर्ष मात्र आपले आहे. पहिला आठवडा रोज, पहिला महिना आठवड्यातून एकदा, पुढे तीन महिने पंधरवड्याने आणि नंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत महिन्यातून एकदा, असा क्रम आम्ही ठेवतो. अग्नीचे दीपन, निद्रा, अभ्यंग, शिरोधारा, ऋतूनुसार आहार, आचाररसायन, हे सारे या काळात देता येते आणि रुग्णाला ते हवेही असते, कारण कित्येक वर्षांनी कोणीतरी त्याच्या शरीराची विचारपूस करत असते. ठरल्या दिवशी तो आला नाही तर फोन करावा. तो पुन्हा प्यायला असेल तर, "बरे झाले सांगितलेत," हे आपले पहिले वाक्य असावे. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला दाराबाहेर काढत नाही.

कुटुंबीयांसाठी महिन्यातून एका संध्याकाळी दवाखान्याची बाहेरची खोली मोकळी ठेवावी. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या स्थानिक सभासदांना सभेसाठी जागा हवी असते. रविवारी बंद राहणारा दवाखाना त्यांना देण्यात आपला काही खर्च नाही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे विनाशुल्क क्रमांक भिंतीवर लावावेत.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. उत्साहाच्या भरात दोन खोल्यांत रुग्ण ठेवून 'केंद्र' काढण्याचा मोह टाळावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मद्य व मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे आणि अशा रुग्णांना ठेवणाऱ्या आस्थापनांना नोंदणी बंधनकारक आहे. याच कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग विषयातील पदव्युत्तर वैद्याला मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे. हा आपला मान आहे आणि जबाबदारीही. अशा वैद्यांची जिल्हावार यादी, जवळच्या मनोविकारतज्ज्ञांची व रुग्णालयांची नावे आणि केसपेपरवरील त्या एका ओळीचा नमुना संघटनेने प्रत्येक सभासदाकडे पोचवावा, अशी आमची सूचना आहे. पुढील वार्षिक सभेत ती चर्चेस यावी.

बाकावर थांबलेली ती बाई उद्याही येणार आहे. तिला पुडी देणे दोन मिनिटांचे काम आहे आणि त्याचे पैसेही मिळतात. पुडी न देता तिच्या घराला वर्षभर धरून राहणे वेळखाऊ आहे आणि त्यात मिळकत जवळजवळ नाही. तरीही आपल्या बांधवांनी दुसरा मार्ग निवडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.